बाळाच्या किडनीतलं काळं: सूज की पिरॅमिड?

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षात तीन आठवड्यांच्या एका बाळाच्या सोनोग्राफीत मी 'दोन्ही किडन्यांना सूज', म्हणजे आत लघवी साठून किडन्या फुगल्या आहेत, असं लिहिलं. सरांनी प्रोब हातात घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "अरे, हे पिरॅमिड आहेत. किडनी नॉर्मल आहे." पिरॅमिड म्हणजे किडनीच्या आतल्या थरातले शंकूसारखे नैसर्गिक भाग. तोवर मी बाळाच्या आईला सूज आहे असं सांगूनही टाकलं होतं. तिचा रडवेला चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. लहान मुलांच्या सोनोग्राफीला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी म्हणून हे लिहितोय.

मोठ्यांच्या किडन्या बघून आपला डोळा तयार झालेला असतो, तिथेच गफलत होते. नवजात बाळाच्या किडनीचं कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, यकृताइतकं किंवा त्याहून पांढरं दिसतं. पिरॅमिड मोठे आणि जवळजवळ काळे असतात. मोठ्यांच्या किडनीत मध्यभागी दिसणारी पांढरी चरबी इथे नावालाच असते. त्यामुळे पहिल्या नजरेला किडनीत पाणी साठल्यासारखं वाटतं.

आता मी आधी एवढंच बघतो: हे काळे भाग एकमेकांना जोडलेले आहेत का? पिरॅमिड त्रिकोणी आणि सुटे सुटे असतात, दोघांच्या मध्ये कॉर्टेक्सची पट्टी असते. सुजलेले कॅलिसेस (पिरॅमिडमधून येणारी लघवी झेलणारे पेले, एकवचन कॅलिक्स) मात्र आत पेल्व्हिसमध्ये, म्हणजे लघवी गोळा होणाऱ्या मधल्या पोकळीत, उघडतात. एका फ्रेमवर हे कधीच ठरवू नका. प्रोब सावकाश झुकवत त्या काळ्या भागाच्या मागे मागे जा. पिरॅमिडच्या तळाशी आर्क्युएट धमन्यांचे बारीक चमकदार ठिपके दिसले की मला खात्री पटते. खरी सूज असेल, तर फुगलेल्या कॅलिक्सच्या बाहेरच्या अंगाला पिरॅमिड वेगळा दिसतो. आणि हायलममध्ये, म्हणजे रक्तवाहिन्या किडनीत शिरतात त्या खाचेत, काळी नळी दिसली तर आधी रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉपलर लावा. पुष्कळदा ती शीर निघते.

लघवीची पिशवी तुडुंब असेल तर निरोगी किडनीचं पेल्व्हिसही थोडं फुगतं, म्हणून लघवी झाल्यावर पुन्हा बघायचंच. पण तान्ह्या बाळाची पिशवी सगळ्यात आधी बघून घ्या. पोटाला प्रोब लागताच ते लघवी करून मोकळं होतं.

पेल्व्हिस आडव्या छेदात, किडनीच्या आतल्या कडेपाशी मोजतात. काहींचं पेल्व्हिस मुळातच किडनीच्या बाहेर असतं. तिथे बाहेरचा फुगवटा मोजला तर उगाच मोठा आकडा येतो. 2014 च्या यूटीडी (मूत्रमार्ग किती फुगलाय ते ठरवणाऱ्या) वर्गीकरणानुसार जन्मानंतर 10 मिमीपेक्षा कमी माप नॉर्मल, पण कॅलिसेस फुगलेले नसतील तरच. 15 मिमी किंवा त्याहून जास्त माप असेल, किंवा कडेचे कॅलिसेस फुगलेले असतील, तर धोका वाढतो.

उलटी चूकही होते, आणि तिची मला जास्त भीती वाटते. पहिल्या 48 तासांत बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे असलेली सूजही लपते. गर्भातल्या सोनोग्राफीत सूज दिसली असेल, तर पहिल्या दिवसाच्या नॉर्मल चित्रावर विसंबू नका, तपासणी पुन्हा करा. मात्र मुलगा असेल, दोन्ही किडन्या फुगलेल्या असतील आणि पिशवीची भिंत जाड असेल, तर मूत्रमार्गात लघवी अडवणाऱ्या झडपांची शंका घ्यावी लागते. तिथे 48 तास थांबायचं नाही. रिपोर्ट टाईप होण्याची वाटही बघू नका, बालशल्यचिकित्सकांना आधी फोन करा.