ग्राफाइट फुलवणं सोपं, डोपिंग सिद्ध करणं अवघड

पहिल्यांदा ग्राफाइट फुलताना पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले होते. ९०० अंशांवर तापलेल्या मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद विजेच्या भट्टीत, आम्ल मुरवलेल्या ग्राफाइटचे चिमूटभर चकचकीत कण सरकवले, फुस्स आवाज झाला आणि वीसेक सेकंदांनी क्रुसिबल (उष्णता सोसणारी वाटी) बाहेर काढलं तर त्यात राखाडी अळ्यांचा ढीग. मूळ कणाच्या जाडीच्या शेकडो पट लांब आणि इतक्या हलक्या की मी जवळ जाऊन हसले, तर अर्ध्या टेबलावर पसरल्या. तेव्हापासून वजन करताना श्वास रोखायची सवय लागली.

आत घडतं ते असं. ग्राफाइटच्या दोन थरांमध्ये जेमतेम ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं. संहत सल्फ्युरिक आम्ल आणि सोबत एखादा ऑक्सिडीकारक दिला की आम्ल थरांत शिरतं. मग अचानक प्रचंड उष्णता दिली की त्याचा वायू होतो आणि तो थरांना ढकलत बाहेर पडतो. म्हणूनच कण मोठे हवेत. मी हाताशी होती ती बारीक पूड वापरून दोन आठवडे घालवले. बारीक कणांत वायू कडेनेच निसटतो, थर जागचे हलत नाहीत. मोठे फ्लेक घेतल्यावर पहिल्याच फटक्यात काम झालं.

ऑक्सिडीकारक म्हणून पोटॅशियम परमँगनेट वापरणार असाल तर बर्फात ठेवलेल्या आम्लात थोडं थोडंच टाका. घाईत तापमान चढलं तर तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड स्फोट करू शकतं. भट्टी फ्यूम हूडखालीच हवी, बाहेर येतो तो सल्फर डायऑक्साइड असतो.

आता डोपिंग, म्हणजे कार्बनच्या जाळीत मुद्दाम परके अणू बसवणं. नायट्रोजनसाठी बहुतेक जण युरिया किंवा मेलामाइनने सुरुवात करतात, मीही केली. युरियात घोळवलेला नमुना झाकणाच्या क्रुसिबलमध्ये, नायट्रोजनच्या प्रवाहात ५५० अंशांपर्यंत तापवला. एक्सपीएसमध्ये, म्हणजे क्ष-किरण टाकून पृष्ठभागावर कोणते अणू कशा बंधांत आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीत, भरघोस नायट्रोजन दिसला आणि बराचसा पिरिडिनिक प्रकारचा, म्हणजे जाळीच्या कडेला दोन कार्बनांना जोडलेला. मी गाइडना लगेच मेल टाकला. त्यांनी उलट एवढंच विचारलं, झाकणाला आतून पिवळं काही लागलंय का?

लागलं होतं. युरियापासून त्याच तापमानाला कार्बन नायट्राइड बनतं आणि ते पिवळसर असतं. त्याच्या नायट्रोजनचं शिखर आणि पिरिडिनिकचं शिखर, दोन्ही ३९८ ते ३९९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात येतात. म्हणजे मी ग्राफाइटला काहीच केलं नव्हतं, नुसतं वरून सारवलं होतं. खूण कार्बनच्या आलेखात होती, २८८ च्या आसपासचा उंचवटा, तो मी पाहिलाच नव्हता. तोच नमुना पुन्हा ९०० अंशांवर नेला. कार्बन नायट्राइड विघटित होऊन गेलं आणि उरला तो नायट्रोजन अगदी थोडा होता, पण खरा.

थोडाच उरणार, कारण ग्राफाइटचा सपाट पृष्ठभाग कुणाला सहजी आत घेत नाही. परका अणू बसतो तो कडांवर आणि मोडतोड झालेल्या जागी. आधी सौम्य ऑक्सिडीकरण केलं तर अशा जागा वाढतात. फार केलंत तर विद्युतवाहकता जाते आणि मग फुलवून काय मिळवलं, हा प्रश्न उरतो.

सल्फरच्या बाबतीत फसगत त्याहून सोपी. आम्लातूनच आलेला सल्फर नीट धुतला नाही तर ‘डोपिंग’ फुकटात मिळतं! १६८ च्या जवळचं शिखर सल्फेटसारख्या ऑक्सिडीकृत सल्फरचं, कार्बनच्या जाळीत बसलेला सल्फर १६४ च्या आसपास दिसतो. बोरॉनसाठी बोरिक आम्ल वापरलंत तर मागे बोरॉन ऑक्साइडचा काचेसारखा थर राहतो, तो गरम पाण्याने धुऊन मगच नमुना मोजायला द्या.

आणि प्रत्येक वेळी डोपंट (परका अणू पुरवणारं द्रव्य) न घातलेला एक नमुना त्याच भट्टीत, त्याच तापमानाला, तितकाच वेळ ठेवा. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून तीन महिन्यांचे प्रयोग पहिल्यापासून पुन्हा करावे लागले.