टाइल बसवण्याआधी भिंत कशी तयार करावी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या ओट्यामागची एक टाइल अलगद हातात आली. तिच्या पाठीला सिमेंट होतं आणि सिमेंटला पुट्टीचा पांढरा पापुद्रा. मिस्त्रीने काम घट्टच केलं होतं, पण टाइल चिकटली होती पुट्टीला, भिंतीला नव्हे.

म्हणून आधी खरवडा. पुट्टी, डिस्टेंपर, पोपडे सगळं गिलाव्यापर्यंत काढायचं. जुना ऑइल पेंट पूर्ण निघत नसेल तर छिन्नी-हातोड्याने जवळजवळ टाचे मारून घ्या, म्हणजे टाइलचा माल खालच्या गिलाव्याला धरेल. बोर्डाजवळ काम करताना मेन स्विच बंद ठेवा.

मग हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकत जा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर तेवढा गिलावा सुटलाय. तो फोडून 1:4 मालाने (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) पुन्हा भरा. त्यावर निदान 7 दिवस पाणी मारा आणि मग वाळू द्या. इथे सगळ्यांनाच घाई असते. अडहेसिव्हने, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मालाने, टाइल लावणार असाल तर नवा गिलावा 28 दिवसांचा होऊ द्यावा.

ओल तपासायला दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून एक दिवस भिंतीवर ठेवा. आतून थेंब दिसले तर गळती शोधा. प्रायमर, म्हणजे टाइलआधी भिंतीला मारायचा पातळ हात, ती थांबवत नाही.

ओळंबा आणि 2 मीटरची पट्टी लावा. पट्टीखाली 3 मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर खड्डा आत्ताच भरा. ‘अडहेसिव्हने लेव्हल करून देतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला गोड बोलून थांबवा.

आता धूळ. ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसा. तळहात फिरवला आणि पांढरा झाला, की परत पुसा. तेलकट जागा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. भिंतीवर पाण्याचे चार थेंब उडवा: मोत्यासारखे उभे राहिले तर तेल किंवा रंग शिल्लक आहे, क्षणात गडप झाले तर भिंत फार तहानलेली आहे. अशी भिंत अडहेसिव्हमधलं पाणी ओढून घेते आणि माल कच्चाच सुकतो. प्रायमर लागतो तो याचसाठी.

प्रायमर टाइलखालचा घ्या. रंगाचा चालत नाही. डब्यावर सांगितलं तेवढंच पाणी घालून एक पातळ हात मारा, ओघळ राहू देऊ नका. जिप्सम प्लास्टर असेल तर हा थर टाळूच नका. जिप्सम आणि ओलं सिमेंट थेट भेटले की मधे फुगणारे स्फटिक तयार होतात आणि टाइल सुटते. जुन्या पद्धतीने सिमेंटच्या मालावर टाइल बसवणार असाल तर मात्र प्रायमर नको, भिंत पाण्याने भिजवून घ्या.

बाथरूममध्ये शॉवरच्या भिंतीला 6 फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यात जाळी दाबून बसवा.

प्रायमर बोटाला चिकटेनासा झाला की धूळ बसायच्या आत टाइल सुरू करा. टाइल कापायचं मशीन मात्र त्या खोलीबाहेर चालवायला सांगा.