‘लायरमान’ शिकताय? डाव्या हाताला तानपुरा समजू नका

संगीतकार शूबर्टच्या ‘विंटररायझ’ (हिवाळ्यातला प्रवास) या जर्मन गीतमालेतलं हे चोविसावं, शेवटचं गाणं. 1827 सालचं, कविता विल्हेल्म म्युलरची. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला म्हातारा गारठलेल्या बोटांनी लायर, म्हणजे चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य, फिरवतोय. त्याला पाहणारा प्रवासी हे गाणं गातो. त्याची थाळी रिकामी आहे, कुत्री गुरगुरताहेत. कागदावर गाणं सोपं दिसतं: 61 बार (बार म्हणजे इथे तीन मात्रांचं एक आवर्तन), तीनाचा ठेका, बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक सूर. म्हणूनच नवखे आधी हेच उचलतात आणि इथेच फसतात.

फसवतो तो पियानोवाल्याचा डावा हात. ए मायनर पट्टीत ए आणि ई, म्हणजे आपले सा-प, पहिल्या बारपासून शेवटच्यापर्यंत तेच. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या कानाला तो लगेच तानपुरा वाटतो. पण तानपुऱ्याला ताल नसतो. तो अखंड गुंजतो, गायक त्यात सूर लावतो, स्थिरावतो, मग उठतो. इथे सा-प दर बारच्या पहिल्या मात्रेवर पडतात आणि पियानोचा नाद लगेच ओसरू लागतो. तानपुऱ्याच्या सवयीचा गायक आघात ऐकतो आणि मग तोंड उघडतो. गाण्याचा पहिला शब्द ‘द्रूबेन’, त्याचा ‘द्रू’ मात्रेवरच हवा, तो केसभर मागे पडतो. आवाज साधारण दोन बार गातो, मग दोन बार पियानोची धून, पुन्हा आवाज. दर वेळी केसभर उशीर झाला की पियानोवाला सांभाळून घ्यायला थांबतो आणि पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत गाणं चिखलात रुतलेलं असतं. गाणाऱ्याला मात्र वाटतं, दुःख छान उतरलंय! नाही उतरलं. म्हाताऱ्याचं वाद्य कुणासाठीही थांबत नाही, आणि जीव पिळवटतो तो त्याच्या न थांबण्याने.

पियानोवाल्याची चूक याचीच जुळी: गुंजन टिकावं म्हणून पेडल दाबून ठेवायचं. मग उजव्या हाताची धून धुक्यात जाते. पेडल दर बारला बदला, सुरुवातीला तर पेडलशिवायच वाजवा. पहिल्या दोन बारमध्ये पंचमाच्या आधी तीव्र मध्यमाचा निसटता स्पर्श आहे, चाक फिरू लागताना तार सुरात यावी तसा. तो पुढे कुठेही नाही, सवयीने तिसऱ्या बारमध्ये घालू नका.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारं यंत्र, मिनिटाला 52 मात्रांवर लावा. पियानोवाल्याने फक्त डावा हात वाजवायचा, गायकाने शब्द लयीत नुसते बोलायचे. श्वास आघाताच्या आधी, तिसऱ्या मात्रेवर घ्यायचा. आठवडाभर सूर लावूच नका. मग मेट्रोनोम बंद करून ध्वनिमुद्रण करा: 8 बारना सुमारे 28 सेकंद लागायला हवेत. मधले कुठलेही सलग 8 बार मोजा. 31 लागले तर घसरगुंडी सुरू झाली आहे. सुरुवातीला ती सगळ्यांचीच होते, घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत कान वळतो.

मींड नको. ‘लायर’च्या दोन अक्षरांमध्ये घसरलात तर ओळ विरघळते. देवनागरीत लिहून घेतलेलं जर्मनही नको. ‘द्रूबेन’ मी वर सोयीसाठी लिहिलं, पण तो स्वर देवनागरीत नाहीच: जीभ ‘ई’ला, ओठ ‘ऊ’ला. ‘ह्योरेन’मध्ये जीभ ‘ए’ला, ओठ ‘ओ’ला. ‘उंड’च्या शेवटी ‘ट’ ऐकू येतो. हे जर्मन येणाऱ्या माणसासमोर बसूनच शिका.

‘जरा भाव आणा’ एवढंच सांगणारा गुरू या गाण्याला उपयोगाचा नाही, मोजून घेणारा शोधा. आवाज खालचा असेल तर खालच्या पट्टीची आवृत्ती बेलाशक घ्या. हस्तलिखितात हे गाणं बी मायनरमध्ये होतं आणि छापताना ए मायनरमध्ये आलं, त्यामुळे पट्टी बदलण्यात कमीपणा नाही.

रंग चढवायची जागा एकच, शेवटी, जेव्हा प्रवासी म्हाताऱ्याला विचारतो: तुझ्याबरोबर येऊ का? माझ्या गाण्यांना तुझी लायर फिरवशील? उत्तर येत नाही. पियानो एकदा फोर्टेपर्यंत, म्हणजे मोठ्या आवाजापर्यंत, चढतो आणि विझत जातो. तेवढे बार गायकाने मनात तीन-तीन मोजत राहायचं आणि शेवटचे सा-प पूर्ण सुटेपर्यंत जागचं हलायचं नाही.