टीएसएच थोडा वाढलाय? गोळी सुरू करण्याआधी काय तपासावे

मिरजेच्या लॅबमधून रिपोर्ट मोबाइलवर येतो. थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच 6.2, ठळक अक्षरांत. डॉक्टरांनी बघण्याआधीच तो तासगावच्या मावशी आणि विट्याच्या नणंदेकडून फिरून येतो, आणि ‘आता जन्मभर थायरॉईडची गोळी’ असा निकालही लागतो. जन्मभराचा निर्णय असा एका कागदावर होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आधी रिपोर्टमध्ये फ्री टी-4, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, आहे का ते पाहा. नसेल तर करून घ्या, कारण एकट्या टीएसएचवरून काही ठरत नाही. टीएसएच येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मागे पडू लागली की पिट्युटरी तो वाढवून तिला कामाला लावते. टीएसएच साधारण 4.5 ते 10 च्या मध्ये आणि फ्री टी-4 नॉर्मल, याला बॉर्डरलाइन म्हणतात. फ्री टी-4 सुद्धा कमी असेल तर ते बॉर्डरलाइन नव्हे, लगेच डॉक्टर गाठा. टीएसएच कमी आला असेल तर तो प्रश्नच वेगळा, त्याला पुढचं काही लागू नाही.

मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, आणि अनेकांचा आकडा इथेच आपोआप खाली आलेला दिसतो. लॅब तीच ठेवा, वेळही तीच. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. एकदा सकाळी सातला रक्त दिलं आणि पुढच्या वेळी एसटीनं पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ वाढतो, तेव्हा अंगात ताकद येईपर्यंत थांबा. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर ती निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, तिच्यामुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठीचं) चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

गरोदर असाल किंवा मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील, तर मात्र दोन महिने थांबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तिथले निकष वेगळे आहेत आणि बाळाच्या वाढीचा प्रश्न असतो.

दुसऱ्यांदाही आकडा वाढलेला आला तर अँटी-टीपीओ ही, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय का ते दाखवणारी, चाचणी एकदा करा. ती पॉझिटिव्ह असेल तर पुढे थायरॉईड खरोखर मंदावण्याची शक्यता वाढते. म्हणजे वर्षातून एकदा तरी टीएसएच बघायचा.

आता गोळीचं. टीएसएच 10 च्या वर टिकून राहिला तर डॉक्टर बहुधा उपचार सुचवतात. त्याखाली असेल तर वय बघावं लागतं. सत्तरीनंतर टीएसएच थोडा चढा असणं बऱ्याचदा वयाचाच भाग असतो. 2017 साली युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात 65 वर्षांवरच्या 737 जणांपैकी काहींना खरी गोळी दिली, काहींना नुसती दिसायला तशी. वर्षभरानंतर थकव्यात फरक नव्हता. म्हणून आजीला ‘अशक्तपणा आहे’ एवढ्यावर गोळी लावू नका. आधी हिमोग्लोबिन आणि बी-12 बघा. तरुण वय, गळ्याला सूज, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह किंवा ठळक लक्षणं असतील तर डॉक्टर काही महिने गोळी देऊन पाहू शकतात. टीएसएच नॉर्मल होऊनही बरं वाटलं नाही, तर ती चालू ठेवायची का हे मोकळेपणानं विचारा. वजन झपाट्यानं उतरेल ही आशा मात्र धरू नका.

गोळी ठरलीच तर सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासानं, आणि आपल्याकडे हेच सगळ्यांना जड जातं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर हवं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. मनानं डोस वाढवला तर छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात.

गोळी आधीपासूनच चालू असेल तर हे वाचून ती बंद करू नका. सुरू करण्याआधीचा जुना रिपोर्ट शोधा, त्यावरचे टीएसएच आणि फ्री टी-4 एका कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीत तो डॉक्टरांसमोर ठेवा.