मोळी पडायच्या आधी: साखर कारखान्यासाठी व्हर्च्युअल डेस्कटॉपची आखणी

कारखान्याच्या गावाकडच्या गट कार्यालयातल्या क्लार्कने ऊस नोंदीचा एक फॉर्म उघडला की जुन्या धाटणीचं ईआरपी, म्हणजे कारखान्याचे हिशेब आणि नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, डेटाबेसकडे शंभर-शंभर फेऱ्या मारतं. कारखान्याच्या आवारात ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते. तोच फॉर्म दूरच्या गावातून फोरजीवर उघडला आणि एका फेरीला ७० मिलिसेकंद लागले, तर शंभर फेऱ्यांचे ७ सेकंद होतात. मग फोन येतो, 'सिस्टीम हँग झाली'. अशा वेळी लाइन दुप्पट वेगाची घेतली तरी फारसा फरक पडत नाही, कारण वेळ फेऱ्यांमध्ये जातो.

ॲप्लिकेशन डेटाबेसच्या शेजारीच, त्याच सर्व्हर खोलीत चालवायचं आणि गावाकडे फक्त स्क्रीनचं चित्र पाठवायचं, हा यावरचा उपाय. यालाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. म्हणून पहिला नियम: डेटा जिथे, डेस्कटॉप तिथे. ईआरपीचा डेटाबेस कारखान्यात ठेवून डेस्कटॉप तेवढे पुण्याच्या क्लाउड रीजनमध्ये (भाड्याच्या सर्व्हरच्या केंद्रात) नेले, तर त्याच शंभर फेऱ्या आता क्लाउड आणि कारखान्यामध्ये होतील. क्लाउडला जायचं असेल तर डेटाबेससकट जा.

इथली आखणी लातूर, बीड, परभणी, जालना या पट्ट्यातल्या मध्यम कारखान्याला समोर ठेवून केली आहे. आकडे तुमचे वेगळे येतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी माणसं मोजा, मग सर्व्हर

तीन याद्या करा. पाळीत काम करणारे (स्टोअर, प्रयोगशाळा, ऊस यार्ड, टाइम ऑफिस) ९६ जण, पण त्यांच्यात संगणक ३४. कार्यालयातले (लेखा, खरेदी, शेती विभाग, प्रशासन) ७० जण, प्रत्येकाचा आपला संगणक. नऊ गट कार्यालयांत मिळून २७ जण. एकूण माणसं १९३, पण एका वेळी कामावर ३४ + ७० + २७ म्हणजे १३१. सर्व्हर १३१ सत्रांसाठी घ्यायचा; एकाने लॉगिन केलं की एक सत्र.

मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न: याला पूर्ण डेस्कटॉप लागतो की एक ॲप्लिकेशन? गट कार्यालयात ऊस नोंद आणि तोडणी कार्यक्रम एवढंच लागतं. तिथे ॲप्लिकेशन तेवढं प्रकाशित करा, म्हणजे रिमोटॲप. लाइनवरचा भार कमी होतो, आणि 'माझा डेस्कटॉप कुठला आणि सर्व्हरचा कुठला' हा गोंधळही होत नाही. कार्यालयातल्या ७० जणांना सर्व्हरवरचं सामाईक डेस्कटॉप सत्र पुरतं. माणशी स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) देण्याची हौस इथे करू नका, मेमरी आणि परवाने दोन्हींचा खर्च कितीतरी वाढतो.

ऑटोकॅडवर काम करणारे चार-पाच इंजिनिअर या आखणीतून बाहेर ठेवा. त्यांच्यासाठी ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा वेगळा परवाना घेण्यापेक्षा चांगली वर्कस्टेशन स्वस्त पडतात.

वजनकाटा बाहेरच

यावर तडजोड करू नका. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर, बहुधा ९६०० बॉडवर, सतत वजन पाठवत असतो. रिमोट सत्रात सिरियल पोर्ट जोडता येतो आणि चाचणीत तो चालतोही. पण काट्यापर्यंतचा स्विच पाच मिनिटं बंद पडला की भरलेल्या ट्रॉल्यांची रांग थेट रस्त्यावर जाते. तोडलेला ऊस उन्हात सुकतो, वजन घटतं, नुकसान शेतकऱ्याचं. काट्यावर साधा संगणक, त्यात स्थानिक डेटाबेस, आणि लाइन असेल तेव्हा सर्व्हरशी मेळ, अशीच रचना ठेवा. शेजारी तसाच तयार केलेला दुसरा संगणक बंद स्थितीत ठेवा.

हिशेब

मायक्रोसॉफ्टचा ढोबळ अंदाज असा: सामाईक सत्रांत हलक्या कामाचे ६, मध्यम कामाचे ४ वापरकर्ते एका व्हर्च्युअल कोअरवर (प्रोसेसरच्या एका भागावर). कार्यालयीन सत्राला ईआरपी, एक्सेल आणि ब्राउझर मिळून सव्वादोन जीबी मेमरी धरा, पाळीच्या सत्राला १ जीबी, आणि विंडोज सर्व्हरला स्वतःसाठी ६ जीबी.

कार्यालय आणि गट मिळून ९७ सत्रं. ८ कोअर आणि ६४ जीबीच्या एका व्हर्च्युअल मशीनवर २५ सत्रं बसतात (२५ × २.२५ = ५६.२५, अधिक ६ = ६२.२५ जीबी). कोअरनी ३२ सत्रं पेलली असती, पण मेमरी आधी संपते. असं जवळपास नेहमीच होतं, म्हणून पैसे घालायचे तर आधी मेमरीत घाला. चार मशीनवर काम भागतं, पाच ठेवा. एक पडलं तरी उरलेली चार ९७ जणांना सांभाळतात. पाळीच्या ३४ सत्रांसाठी ८ कोअर, ४८ जीबीची दोन मशीन, प्रत्येक एकटं सगळ्यांना पुरेल अशी.

हे सगळं दोन भौतिक सर्व्हरवर बसवा. प्रत्येकी ३२ कोअर, ५१२ जीबी. एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यावर पाच कार्यालयीन मशीन (३२० जीबी), पाळीचं एक (४८ जीबी) आणि डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा), ब्रोकर (सत्रं वाटणारा), गेटवे (बाहेरून यायचं दार), परवाना सर्व्हर, फाइल सर्व्हर यांचे मिळून ६४ जीबी, एकूण ४३२ जीबी चालतात. ईआरपीचा डेटाबेस सर्व्हर यात धरलेला नाही, तो वेगळाच राहू द्या. 'दोन सर्व्हर आहेत, म्हणजे एक पडला तरी चालेल' असं मोघम धरू नका. ही बेरीज कागदावर करूनच ऑर्डर द्या. दोन्ही मिळून काम ओढत असतील तर एक पडताच दोन्ही गेल्यासारखेच.

डिस्क एसएसडीच घ्या. १३१ सत्रांना दर सेकंदाला हजार-तेराशे वाचन-लेखन लागतं आणि सकाळी दहाला सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा त्याच्या कितीतरी पट. ७२०० फेऱ्यांची साधी हार्ड डिस्क जेमतेम ७५ ते १०० देते. प्रत्येक सर्व्हरमध्ये १.९२ टीबीच्या चार डिस्क घाला. दोन्ही सर्व्हरवर आरशासारखी प्रत ठेवून आणि प्रत्येक सर्व्हरमध्ये एका डिस्कएवढी जागा दुरुस्तीसाठी मोकळी सोडून पावणेसहा टीबी वापरायला मिळते. गरज साधारण ४ टीबीची आहे. डिस्क एंटरप्राइझ दर्जाच्या, वीज गेल्यावर हातातला डेटा लिहून टाकणाऱ्या हव्यात. दुकानातल्या स्वस्त एसएसडी इथे टिकत नाहीत.

दोन सर्व्हरच्या क्लस्टरला, म्हणजे एकमेकांना सावरणाऱ्या जोडीला, तिसरं मत लागतं, त्याला विटनेस म्हणतात. मधली तार तुटली तर कोण चालू राहणार हे ते ठरवतं. ते याच दोन सर्व्हरवर ठेवलं तर त्याचा उपयोग नाही. टाइम ऑफिसमधल्या एखाद्या छोट्या संगणकावरचा फाइल शेअरही पुरतो.

परवाने

रिमोट डेस्कटॉपचा परवाना माणसावर घेता येतो किंवा उपकरणावर. पाळीतल्या ९६ जणांसाठी ३४ उपकरण-परवाने पुरतात. कार्यालय आणि गटांसाठी माणसावर घ्या, कारण तीच माणसं घरून किंवा दुसऱ्या गटातूनही येतात. सत्र सर्व्हरवर परवान्याची एकच पद्धत लावता येते, म्हणूनच वर पाळीची दोन मशीन वेगळी काढली आहेत. याशिवाय विंडोज सर्व्हरचे नेहमीचे क्लायंट परवाने लागतातच. परवाना सर्व्हर जोडला नाही तरी १२० दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग एका सकाळी कुणालाच आत येता येत नाही. जुलैत बसवलं तर ते १२० दिवस नेमके नोव्हेंबरात, ऐन हंगामात संपतात. पहिल्याच आठवड्यात परवाना सर्व्हर जोडा आणि त्याच्या यादीत परवाने खरोखर दिले जाताना दिसतात का ते पाहा.

प्रोफाइल

माणूस आज एका मशीनवर, उद्या दुसऱ्यावर बसणार, म्हणून त्याचं प्रोफाइल (त्याच्या सेटिंग्ज आणि फाइली) मशीनवर न ठेवता एफएसलॉजिक्स या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे माणशी एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये, फाइल सर्व्हरवर ठेवा. रिमोट डेस्कटॉपचा परवाना असेल तर ते वापरायचा हक्क त्यातच येतो. कंटेनरची मूळ कमाल मर्यादा सुमारे ३० जीबी असते. माणशी सरासरी १० जीबी धरून २ टीबी राखून ठेवा.

इथे तीन गोष्टी हटकून बिघडतात. अँटिव्हायरस त्या व्हीएचडीएक्स फाइली तपासत बसतो आणि लॉगिनला दोन-दोन मिनिटं लागतात, म्हणून त्या वगळा. दुसरी, फाइल सर्व्हर क्षणभर दिसला नाही तर वापरकर्ता कोऱ्या प्रोफाइलवर आत येतो, दिवसभर काम साठवतो आणि दुसऱ्या दिवशी ते गायब. 'प्रिव्हेंट लॉगिन विथ फेल्युअर' हे सेटिंग १ करा. आत येता न आलेलं परवडतं, काम हरवलेलं परवडत नाही. तिसरी म्हणजे 'स्टोअर१' असं एकच नाव तिघांनी वापरणं. पहिलं सत्र चालू असताना दुसऱ्याला कंटेनर कुलूपबंद मिळतो. प्रत्येकाला स्वतःचं नाव द्या. मालाची नोंद कुणी केली हेही मग कळतं.

पाळी बदलताना माणूस लॉगऑफ न करता खिडकी बंद करून जातो. तुटलेलं सत्र मेमरी धरून बसतं आणि ३४ ची ६८ सत्रं होतात. पाळीच्या मशीनवर तुटलेलं सत्र ३० मिनिटांत बंद होईल अशी मर्यादा लावा, कार्यालयात २ तास. रिमोटॲपला वेगळी मर्यादा असते. ती लावली नाही तर ॲप्लिकेशन बंद केल्यावरही मागे सत्र जिवंत राहतं.

मराठी आणि छपाई

या दोन गोष्टी परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत, आणि इथे निम्म्या तक्रारी त्यांच्याच असतात.

जुन्या ऊस नोंद प्रणालीतली शेतकऱ्यांची नावं पुष्कळदा युनिकोडमध्ये नसतात, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. तो फाँट मूळ इमेजमध्येच, म्हणजे ज्या साच्यातून सगळी मशीन बनतात त्यातच, नसेल तर नावांच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. फाँटचा परवाना सर्व्हरवर, अनेक जणांसाठी चालतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. कीबोर्डचंही तसंच. सर्व्हरवर मराठी इनस्क्रिप्ट बसवूनही सत्रात समोरच्या संगणकाचा लेआउट घुसतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'कीबोर्ड लेआउट' या की-खाली 'इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट' हे मूल्य १ ठेवलं की सर्व्हरचाच लेआउट राहतो.

पावत्या डॉट मॅट्रिक्सवर निघतात. रिमोट डेस्कटॉपचं ईझी प्रिंट सगळं चित्र करून पाठवतं. त्यामुळे प्रिंटर एकेक ओळ करवतीसारखा घासत बसतो आणि कागदाचं माप हरवून तिसऱ्या पावतीपासून छपाई सरकते. यासाठी सत्र सर्व्हरवर त्या प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर बसवा, ईझी प्रिंट आधी वापरण्याचं धोरण बंद करा आणि पावतीच्या मापाचा फॉर्म प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये तयार करा. शंभर पावत्या सलग काढून पाहा. एका पावतीवरून काहीच कळत नाही.

लाइन, वीज, धूळ

गट कार्यालयात माणशी दीड एमबीपीएस धरा, तिघांना ५ पुरतात. जाऊन-येऊन लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. रस्त्याच्या कामात फायबर तुटणं नेहमीचंच, त्यामुळे दुसरी जोडणी फोरजीवर, वेगळ्या कंपनीची ठेवा. बाहेरून येणारे सगळे गेटवेवरून ४४३ पोर्टवर, दुहेरी पडताळणीसह. गेटवेचा यूडीपी ३३९१ उघडला तर कमकुवत लाइनवर चित्र बरंच सुधारतं. ३३८९ इंटरनेटवर कधीही उघडू नका, रॅन्समवेअर याच दारातून येतं. गेटवेच्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

वापरणाऱ्यासमोर पंखा नसलेले थिन क्लायंट (सर्व्हरवरचं सत्र तेवढं दाखवणारे छोटे संगणक) हवेत. बगॅसची (उसाच्या चोथ्याची) बारीक धूळ पंख्याच्या संगणकात एका हंगामात थर धरते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, पण ते संगणक भंगारात घालायची गरज नाही. त्यांवर लिनक्सवरचं थिन क्लायंट सॉफ्टवेअर टाकून कार्यालयात वापरा.

हंगामात कारखान्याची आपली वीज असते, बंद हंगामात महावितरणवर भिस्त. सर्व्हरच्या दोन वीजपुरवठ्यांना दोन वेगळे यूपीएस जोडा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना सर्व्हरच्या तोंडाशी २७ च्या आत ठेवायचे तर दोन एसी हवेत, आणि एक बंद करून दुसरा दुपारी एकटा पुरतो का हे तपासायला हवं.

वेळापत्रक

पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, याद्या आणि खरेदी. जूनमध्ये उभारणी. जुलैत पंधरा दिवस दहा जणांवर चाचणी, त्यात लेखा विभागातला सगळ्यात तक्रारखोर माणूस आणि सगळ्यात वाईट लाइनचं गट कार्यालय हवंच. लॉगिन ३० सेकंदांत व्हायला हवं. ऑगस्टमध्ये गट कार्यालयं, सप्टेंबरमध्ये पाळ्या. एका रविवारी सगळे कामाला लागलेले असताना एका सर्व्हरची वायर खरोखर काढा आणि किती मिनिटांत सगळे परत येतात ते मोजा.

बॉयलर अग्निप्रदीपनानंतर बदल बंद. सुरक्षा अपडेट तेवढे महिन्यातून एकदा घ्यायचे: इमेजची प्रत काढून ती अपडेट करायची, एका मशीनवर नवी सत्रं थांबवायची, जुनी संपू द्यायची, नवी इमेज चढवायची, दोन दिवस पाहायचं, मग बाकीची मशीन. जुनी इमेज पुढच्या महिन्यापर्यंत पुसू नका. प्रोफाइलच्या बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर, लेखा विभागाच्या तिजोरीत ठेवा.