पोरगी गाडी घेऊन गेली की: लोकेशन ट्रॅकिंग कसं लावावं, कसं वाचावं, कधी काढावं

लोकेशन शेअरिंगमधला ठिपका एवढंच सांगतो की फोन कुठे आहे. हेल्मेट डोक्यावर आहे की आरशाला अडकवलंय, मागे एक मैत्रीण आहे की दोन, सिग्नल सुटायच्या आधीच गाडी दामटली का, यातलं काही त्याला कळत नाही. तरी तो दिसला की आईबापांना बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यावरच ॲप आणि ट्रॅकर विकले जातात. ठिपक्याचा उपयोग आहे, पण तीन कामांपुरता: पोचल्याचं कळणं, रस्त्यात अडकली तर जागा सापडणं, गाडी चोरीला गेली तर माग लागणं. ही तीन कामं व्हावीत आणि बाकी वेळ ॲप उघडायची गरज पडू नये, या बेताने सगळं कसं बसवायचं ते पुढे दिलंय. उदाहरण दुचाकीचं आहे, कारण आपल्याकडे पोरांच्या हातात पहिली येते ती स्कूटरच.

पायरी १: ॲपच्या आधी लायसन्स

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे १६ व्या वर्षी मिळतं ते लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं. कायदा झाला त्या काळात दारोदारी लुना होती, तिला ते चपखल बसायचं. आज शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोल गाडी शोधून सापडणार नाही. ॲक्टिव्हा सुमारे ११० सीसीची. म्हणजे १६ वर्षांचं लायसन्स खिशात ठेवून ॲक्टिव्हा चालवणारी मुलगी कायद्याच्या लेखी विनापरवानाच. १८ पूर्ण होईपर्यंत ती गाडी तिची नाही.

इलेक्ट्रिकचीही एक मेख आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि २५० वॉटच्या आतली गाडी नियमात ‘मोटार वाहन’ धरली जात नाही, म्हणून तिला लायसन्स लागत नाही. पण दुकानदाराने ‘लॉक काढून दिलं, आता ४५ ने पळते’ असं सांगितलं, की ती सवलत गेली.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-ए आलं. अल्पवयीन मुलाकडून गाडीवर गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे सिद्ध करता आलं तर पालक सुटू शकतो. आता विचार करा, जो बाप रोज क्लासच्या वाटेवरचा ठिपका बघतो, तो हे कोणत्या तोंडाने म्हणणार?

लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. लर्निंगवर असताना मागे बसेल तर शिकवणारी, पक्कं लायसन्स असलेली व्यक्तीच, मैत्रीण नाही. हे ३० दिवस फुकट घालवू नका. मोकळ्या मैदानात ताशी ३० वरून ब्रेक लावून गाडी सरळ थांबवायला शिकवा, दहा-दहा वेळा. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरला सीबीएस असतं, म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो; फक्त डाव्यावर भिस्त ठेवायची सवय तिथेच मोडा. पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस गाडी देऊ नका. रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हा साबणासारखी होते. पुढे पाऊस बसला की तुम्ही मागे बसून एकदा तिला झेब्रा पट्टे, ड्रेनेजची झाकणं आणि पेव्हर ब्लॉकवरून हळू न्यायला लावा. हे कुठलंही ॲप शिकवत नाही.

पायरी २: साधन निवडणं

बहुतेक घरांना पैसे खर्च करायची गरज नसते. एखाद्याच फेरीपुरतं, म्हणजे परीक्षेला लांबच्या सेंटरवर किंवा रात्रीच्या कार्यक्रमाला जायचं असेल, तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन पुरतं. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असा काळ निवडायचा, तो संपला की ते आपोआप बंद होतं. आमच्या मते सुरुवात इथूनच करावी. ते मुलीने स्वतः पाठवायचं असतं आणि आपोआप संपतं, यातच अर्धी भांडणं मिटतात.

रोजच्या क्लास-कॉलेजसाठी गूगल मॅप्स बरं. ‘पोचली’ अशी सूचना हवी असेल तर तेवढं पुरे. गाडीला वायरने जोडायचा ट्रॅकर मुख्यतः चोरीसाठी घ्यावा, आणि घेताना तो फक्त २-जी आहे का हे विचारा. तसा असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण जिओचं २-जी नेटवर्कच नाही.

पायरी ३: फोनमध्ये बसवणं

हे काम दोघांनी शेजारी बसून करायचं, मुलीचा फोन मुलीच्याच हातात.

मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टिचकी मारून लोकेशन शेअरिंग उघडा, आई किंवा बाबांचं खातं निवडा आणि काळ ‘बंद करेपर्यंत’ असा ठेवा. मग फोनच्या सेटिंगमध्ये मॅप्सला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ आणि अचूक लोकेशन चालू. इथपर्यंत सगळे करतात. ठिपका अडकतो तो पुढच्या गोष्टीमुळे: शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी असे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप झोपवतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये मॅप्सला ‘निर्बंध नाहीत’ असं करा आणि ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. चार्जिंग २० टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी सेव्हर आपोआप लागत असेल तर तेही एकदा बघा, कारण संध्याकाळी क्लास सुटतो तेव्हा फोन नेमका तिथवर उतरलेला असतो.

आता तुमच्या फोनवर मॅप्समध्ये तिच्या नावाच्या पट्टीत जाऊन सूचना जोडा: क्लासला पोचली आणि घरी निघाली, बस. मध्ये कुठे पोचली त्याची सूचना लावू नका. सूचना लावल्याचं तिलाही कळतं आणि ते चांगलंच आहे. ज्या ॲपमध्ये जागेभोवतीचं वर्तुळ लहानमोठं करता येतं तिथे ते १५० मीटरच्या खाली ठेवू नका. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. उंच इमारतींच्या मध्ये, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ते कितीही भरकटतं. ५० मीटरचं वर्तुळ ठेवलंत तर बाकावर बसलेली मुलगी तासात तीनदा ‘निघाली’ आणि तीनदा ‘पोचली’.

फोनमध्ये आणीबाणीचे नंबर आणि पॉवर बटण लागोपाठ दाबून मदत मागायची सोय लावून ठेवा, आणि ती किती वेळा दाबल्यावर लागते ते सेटिंगमध्ये वाचून घ्या. ११२ सगळ्यासाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. काही महाग फोनमध्ये अपघात ओळखायची सोय असते, पण ती मोटारीच्या धडकेसाठी बेतलेली आहे. स्कूटर घसरली आणि फोन खिशात तसाच राहिला तर तो गप्प बसण्याचीच शक्यता जास्त.

पायरी ४: ठिपका वाचायला शिकणं

सगळी घालमेल इथे होते. समजा सात पस्तीस झाले आहेत आणि ठिपका पुण्यातल्या नळ स्टॉपला थांबलाय. पहिल्यांदा ठिपक्याखालची वेळ बघा. ‘आत्ता’ असेल तर गाडी खरंच उभी आहे: सिग्नल, पेट्रोल पंप, पाणीपुरी. ‘११ मिनिटांपूर्वी’ असेल तर ठिपका जुना आहे. फोनने ११ मिनिटं काही पाठवलेलं नाही. डेटा संपला, बॅटरी उतरली, फोनने ॲप झोपवलं, ती तळघरात शिरली, यांपैकी काहीतरी. ज्या बाबांना हा फरक माहीत नाही ते गाडी काढून नळ स्टॉपला जातात आणि मुलगी तोवर घरी पोचलेली असते.

म्हणून थांबायची मुदत आधीच ठरवून ठेवा. नेहमीचा रस्ता २५ मिनिटांचा असेल तर सुटल्यापासून ४५ मिनिटांपर्यंत काही करायचं नाही. त्यानंतर एक मेसेज. मेसेजनंतर १० मिनिटांनी एक फोन. तोही उचलला नाही तर क्लासला किंवा बरोबरच्या मैत्रिणीच्या घरी फोन. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

आणि गाडी चालत असताना फोन करायचा नाही. हा नियम मुलीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. खिशात वाजणारा फोन ‘आई’ आहे हे कळलं की पोरं तो उचलतातच, हेल्मेट आणि कान यांच्या फटीत कोंबतात आणि मान वाकडी करून चालवत राहतात. ताशी ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. स्क्रीनकडे ३ सेकंद बघितलं तर ३३ मीटर, म्हणजे तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर, न बघता. ठिपका सरकताना दिसतोय तोवर हात फोनपासून लांब. तिच्या फोनवर ड्रायव्हिंग मोड लावा. तो कॉल गप्प करतो आणि ‘गाडीवर आहे’ असं उत्तर आपोआप पाठवू शकतो. बसमध्ये बसलेली असतानाही तो कधीकधी लागतो, एवढं चालवून घ्या.

पायरी ५: वायरचा ट्रॅकर लावायचाच असेल तर

लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उण्याला, आणि तिसरी, अनेकदा नारिंगी, इग्निशनला. रंगाची खात्री ट्रॅकरच्या माहितीपत्रकावरून करा. लाल वायरीत बॅटरीजवळच १ अँपिअरचा फ्यूज हवा. मेकॅनिक तो टाळतो आणि मग वायर घासून शॉर्ट झाली की सीटखाली धूर निघतो. मूळ वायरिंग कापू देऊ नका, वॉरंटीवर परिणाम होतो. ट्रॅकर पत्र्याच्या आड ठेवला तर त्याला आकाश दिसत नाही. प्लॅस्टिकच्या पॅनेलखाली, चपटी बाजू वर करून बसवा.

ट्रॅकरबरोबर अनेकदा एक रिले येतो, मोबाइलवरून इंजिन बंद करायचा. तो जोडू नका. विकणारा तो पालकांना फार रंगवून सांगतो: ‘वेग वाढला की घरबसल्या गाडी बंद!’ पुलाच्या चढावर, मागे ट्रक असताना इंजिन बंद पडलं तर काय होईल हे त्याला विचारा. ठिपका काही सेकंद उशिराने येतो, त्यामुळे तुम्ही बटण दाबाल तेव्हा गाडी कुठे आहे हे तुम्हाला माहीतच नसतं.

बॅटरीचंही गणित आहे. स्कूटरची बॅटरी लहान, ३ अँपिअर-अवरच्या आसपास. ट्रॅकर झोपेत १० मिलिअँपिअर खात असेल तर ३०० तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत, ती पूर्ण रिकामी. सेल्फ त्याच्या कितीतरी आधी बसतो. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाताना ट्रॅकरचा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर परत आल्यावर किक मारत बसा.

पायरी ६: गुण आणि कुरबुरी

ड्रायव्हिंगला गुण देणारी ॲप ‘जोरात ब्रेक’ मोजतात ती फोनमधल्या सेन्सरवरून. आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर, खड्डे आणि डिकीत आपटणारा फोन यांनाही तोच शिक्का बसतो. एका दिवसाच्या गुणांवरून बोलू नका. आठवड्याला एकदा दहा मिनिटं, दोघांनी मिळून बघायचं: ५० च्या वर वेग कुठे गेला, तोच रस्ता दोनदा आहे का. एकाच जागी पुन्हापुन्हा जोरात ब्रेक दिसला तर तिथे खड्डा असेल किंवा उजवीकडून येणारी गाडी दिसत नसेल. तिला विचारा, तिला कारण बहुतेकदा माहीत असतं.

गुपचूप लावलेलं ट्रॅकिंग टिकत नाही. पोरांना ते आठवड्याभरात कळतं, मग फोन मैत्रिणीच्या दप्तरात राहतो आणि गाडी दुसरीकडे जाते. ठिपका मात्र क्लासमध्ये शहाण्यासारखा बसलेला. म्हणून उघड लावा आणि तुमचंही लोकेशन तिला द्या. बाबा कारमध्ये फोनवर बोलत ८० ने येतात हे तिलाही दिसू दे.

पायरी ७: काढायची तारीख

लावतानाच ठरवा: पक्कं लायसन्स मिळाल्यावर सहा महिने, त्यात एक पावसाळा, एकही दंडाची पावती नाही, तर रोजचं शेअरिंग बंद. पुढे हवं तेव्हा व्हॉट्सॲपवरून, तिच्या मर्जीने. बंद करताना सूचनाही काढा. ट्रॅकर काढलात तर आधी त्याचं खातं आणि सिम बंद करा, मग वायरी सोडवा आणि जिथे इग्निशनला टाका मारला होता तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळा. पावसाचं पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं.