खाडा पडला तरी साखळी तुटू नये: रोजच्या सवयीसाठी स्ट्रीक कशी ठेवावी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी नवेकोरे बूट बरेच दिसतात. मग संक्रांत येते, गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा भरते, दोन-तीन संध्याकाळी जत्रेत जातात आणि चालणं जे सुटतं ते सुटतंच. याला आळस म्हणतात, पण बहुतेक वेळा खाडा पडल्यावर काय करायचं हेच ठरलेलं नसतं. स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, मांडताना ते आधी ठरवावं लागतं.

किमान माप ठरवा. सवय एकच घ्या. रोज ४५ मिनिटं चालायचं असेल तरी साखळीसाठी १० मिनिटंच धरा. पाहुणे आले, कामावरून उशीर झाला, तरी जमेल इतकंच हे माप हवं. खूण कृतीला करायची, वजनकाट्याला नाही; वजन तुमच्या हातात नसतं, चालणं असतं.

वेळ घड्याळाला नव्हे, कामाला बांधा. "सकाळचा चहा झाला की बूट घालायचे" हे "सहा वाजता"पेक्षा टिकतं. नळाला पाणी येण्याच्या दिवशी मात्र सकाळ भरण्यातच जाते. म्हणून सोबत दुसरी ओळही लिहा: "पाणी आलं, तर रात्री जेवणानंतर." एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चहाआधीच बाहेर पडा; ऊन चढल्यावर साखळी वाचवायला निघू नका.

खूण कुठे करायची? दुधाचे खाडे मांडता त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुधाचा हिशेब खाली असेल तर चौकटीचा वरचा कोपरा घ्या. लाल पेन दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवा, नाहीतर पेन शोधण्यातच खूण राहते. पूर्ण चाललात तर बरोबरची खूण, नुसतं किमान झालं तर टिंब. दोन्ही साखळीत धरायचं. आठवड्यात पाच टिंबं दिसली तर वेळ चुकीची निवडली आहे, ती बदला.

आता खाड्याचा नियम. महिन्याला चार सुट्ट्या मंजूर, पण लागोपाठ दोन नाहीत. खाड्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त किमान करायचं. "काल राहिलं म्हणून आज दुप्पट" केलं की तिसऱ्या दिवशी पाय दुखतात आणि पुन्हा खाडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा "२१ दिवसांत सवय लागते" या गप्पा सोडून द्या.

मोबाइलवरचं अ‍ॅप वापरत असाल तर त्याचा दिवस बहुधा रात्री बाराला संपतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची साखळी तिथे विनाकारण तुटते. त्याने उठल्यापासून झोपेपर्यंतचा एक दिवस धरून कागदावरच मांडावं. शिवाय बरीच अ‍ॅप एका खाड्यात आकडा शून्यावर आणतात आणि माणूस "गेलं सगळं" म्हणून सोडून देतो. म्हणून महिनाअखेरीला सलग दिवसांशेजारी एकूण दिवसही लिहा. सलग ९, एकूण २६ हा महिना चांगलाच आहे.

मावा-तंबाखू सोडण्याची साखळी वेगळी. तिथे मंजूर सुट्टी नसते आणि खूण रात्री झोपताना करायची. तरीही घेतलाच, तर चौकटीत वेळ आणि सोबत कोण होतं ते लिहा. पुढच्या वेळी कुठे सांभाळायचं ते त्यावरून कळतं.

ताप असेल, गुडघा सुजला असेल तर चौकटीत "आजारी" लिहून मोकळं व्हा. गोळ्यांची साखळी ठेवत असाल तर चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

चहाचा कप ठेवला की विचार न करता बूट हातात येऊ लागले, तर खुणा बंद केल्या तरी चालतं. दुसरी सवय तेव्हा घ्या, तोवर नाही.